भाचीच्या केसांसाठी

पार्लरमध्ये तिला सगळे बेसिनताई म्हणायचे. मागच्या भिंतीला लागून दोन बेसिनं होती, मान टेकवायला खोबण असलेली, आणि गेली बावीस वर्षं ती त्यांच्यामागे उभी होती. कापणं, रंगवणं, सेट करणं हे सगळं पुढच्या खोलीत, आरशांसमोर. तिच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते उताणं. त्यामुळे कित्येक बायकांची कपाळं तिला पाठ होती, पण सरळ उभं राहिलेलं माणूस ओळखताना पंचाईत व्हायची. रस्त्यात कुणी हसून "ओळखलंत का?" म्हटलं की ती आधी डोक्याकडे बघायची आणि मग म्हणायची, "हो तर! डावीकडचा भोवरा ना?"

हात मात्र तयार. ओल्या केसांतून एकदा बोटं फिरवली की या केसांना काय हवंय ते तिला समजायचं. पार्लरच्या मॅडम स्वतः कितीतरी कोर्स करून आलेल्या, पण अडलं की मागे येऊन हळूच विचारायच्या, "ताई, हिला कुठलं लावू?"

धाकटी बहीण गेली तेव्हा ती रडली नाही. दवाखान्यातून घरी आली, चहा टाकला, गॅस बंद केला, चहा गाळायचा राहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं रडून घे, मोकळी हो." तिने प्रयत्न करून पाहिला. आतमध्ये काही अडकून बसलंय असंही नव्हतं. काहीच नव्हतं. जणू कुणीतरी येऊन सामान हलवलं होतं आणि भिंती पुसून ठेवल्या होत्या.

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. पहिलंच गिऱ्हाईक किंचाळून उठलं, "अहो, भाजलं ना! पाणी कढत आहे!" बेसिनताईने नळाखाली हात धरला. तळवा लाल झाला होता. तिला ते पाणी गरमही लागलं नव्हतं. बावीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आणखी आठ दिवस घरी राहा." ती म्हणाली, "घरी काय करू?" मग मॅडमनी नळाच्या पाण्यात बुडवून बघायला एक थर्मामीटर आणून दिला आणि विषय तिथेच संपला.

धाकटीचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. एकदा निघाला की आठ-आठ दिवस पत्ता नाही. म्हणून दहा वर्षांची भाची मावशीकडे आली, एक कपड्यांची बॅग आणि दप्तर घेऊन. मावशीच्या दोन खोल्या. लग्न मोडून तिला इतकी वर्षं झाली होती की ती गोष्ट आता तिला दुसऱ्या कुणाची वाटायची. एकटीची सवय होती, पण पोरीचा त्रास काही नव्हता. पोरगी मुकाट्याने जेवायची, मुकाट्याने अभ्यास करायची. दोघी एकमेकींशी अशा वागायच्या, जशा रांगेत पुढेमागे उभ्या राहिलेल्या दोन बायका वागतात.

शाळेतून चिठ्ठी आली. बाईंनी लिहिलं होतं, मुलीच्या केसांना वास येतो, मागे जट झाली आहे, काही इलाज होत नसेल तर केस कापून टाकावेत.

मावशीने पोरीला उजेडात बसवलं. वरून सगळं ठीक होतं. पुढचे केस पाणी लावून चापून बसवलेले. पण मानेवरची वेणी हातात घेतली आणि बेसिनताईच्या बोटांनी ओळखलं की ही वेणी कित्येक आठवड्यांत सुटलेली नाही. बारीक, दाट, स्प्रिंगसारखे कुरळे केस आत एकमेकांत घुसून मुठीएवढा गोळा झाला होता.

"ही कधी घातलीस?"

पोरीने वेणी ओढून पुढे घेतली.

"कुणी घातली?"

"आईने. दवाखान्यात." आणि मग पटकन, "सोडायची नाही."

मावशीने वेणी नीट पाहिली. एक पेड जाड, एक बारीक, मध्येच एक बट निसटलेली. हातात जोर नसलेल्या माणसाने घातलेली वेणी. तिच्या मनात आलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की पार्लरमधली कुठली बाटली या केसांना चालेल.

"कापायचीही नाही," पोरगी म्हणाली.

"नाही कापत."

"माझी शपथ?"

"शपथ कशाला? मी काय बाई आहे तुझ्या शाळेतली?"

पोरीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पण वेणीला हात लावू देईना. बऱ्याच घासाघिशीनंतर तिने उजव्या कानामागची एक बट दिली, वेणीबाहेर राहिलेली. "ही घे. हिच्यावर काय करायचं ते कर."

मावशीने ती बट प्रयोगाला घेतली.

पार्लरमध्ये सगळ्यात जास्त खपायचा तो स्ट्रेटनिंगनंतरचा कंडिशनर. केमिकल लावून सरळ केलेले केस आतून पोकळ झालेले असतात. त्यांना आधार लागतो, म्हणून त्यात प्रोटीन ठासून भरलेलं. तिने वाटीत थोडा घरी आणला. पोरीची बट धुतली, लावला, दहा मिनिटांनी धुऊन टाकला. बट वाळली ती खराट्याच्या काडीसारखी.

"टोचतेय," पोरगी म्हणाली.

"हो. तुझ्या केसांना आधार नकोय, पाणी हवंय."

दुसरी बाटली महागातली, लोण्यासारखी घट्ट. मॅडमनी स्वतःहून दिली. ती केसांवर नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी लावलं तर थेंब वरूनच घरंगळले. तिसरी इतकी पातळ, की वास छान, पण कंगवा पहिल्याच वळणावर अडकला. प्रत्येक खेपेला पोरगी आरशासमोर उभी राहून बट ओढून बघायची, सोडून द्यायची आणि निकाल सांगायची. "नापास." "ही पण नापास." तिसऱ्यांदा तर मावशीने विचारायच्या आधीच पोरीने नकाराची मान हलवली.

मग एका संध्याकाळी पोरगी म्हणाली, "मावशी, तू सरळच करून टाक ना माझे. आईसारखे."

बेसिनताई भांडी पुसत होती. ती पुसतच राहिली. "तुझ्या आईचे सरळ नव्हते."

"होते! मी काय पाहिलं नाही?"

"तू पाहिलेस ते मी सरळ केलेले. लग्नाच्या आधी पहिल्यांदा केले, तिच्या सासूला कुरळे आवडायचे नाहीत म्हणून. मग दर सहा महिन्यांनी यायची. वाढलेली मुळं तेवढी करून द्यायचे. हुबेहूब तुझ्यासारखे केस होते तिचे."

"खोटं."

"तुला खोटं सांगून मला काय मिळणार आहे?"

पोरीने कानामागची बट बोटाला गुंडाळली. शेवटी शेवटी आईच्या डोक्याला रुमाल असायचा, त्यामुळे मुळाशी उगवलेले कुरळे केस तिने पाहिलेच नव्हते. मावशीने पाहिले होते. रुमाल बदलताना बोटभर कुरळं आणि त्याच्या पुढे सरळ, मध्ये नाजूक सांधा, जिथे हात लागला की केस तुटायचा. धाकटी तेव्हा म्हणाली होती, "आता नको गं करूस सरळ." जणू काही पुढच्या महिन्यात ती पार्लरमध्ये येणारच होती.

"म्हणजे आईचा पण गुंता व्हायचा?"

"व्हायचा म्हणजे? सोडवायला बसले की चावायची मला. हे बघ." तिने मनगट पुढे केलं. तिथे खूण वगैरे काही नव्हती, पण पोरीने वाकून नीट पाहिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मावशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरली. साबणांच्या फळीवर खालच्या बाजूला धूळ खात पडलेल्या कंडिशनरच्या बाटल्या होत्या. तिने एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं. एका बाटलीवर आधी पाणी. मग ते मेणासारखं अल्कोहोल. अल्कोहोल म्हटलं की बायका दचकतात, पण हे केस सुकवत नाही, उलट घसरण देतं. त्यामागे लगेच ग्लिसरीन. प्रोटीनचं नाव कुठेच नाही. बाटली साधी पांढरी, वरचं चित्रही पुसट. दुकानदार म्हणाला, "ती कुणी नेत नाही ताई, वासच नाही तिला."

"वास घ्यायचा नाहीये मला," ती म्हणाली.

कानामागची बट धुतली, ओली असतानाच हा कंडिशनर लावला. बोटांमधून बट सुळकन निघाली. वाळल्यावर तिची स्वच्छ गोल वळणं झाली. पोरीने ती ओढली, सोडली. ती टुणकन वर गेली.

"पास," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "वेणी सोडवताना दुखेल?"

"दुखेल. पण तू थांब म्हणालीस की थांबेन."

रविवारी सकाळी न्हाणीघरात स्टूल टाकलं. कोमट पाणी, तो थर्मामीटर, अर्धी बाटली कंडिशनर. मावशीने आधी वेणीवर कंडिशनर चोपडला, पाणी मारत राहिली, अर्धा तास तसंच ठेवलं. मग शेंड्याकडून सुरुवात केली. कंगवा नाही, नुसती बोटं. चिमूटभर केस वेगळे करायचे, त्यांच्या वर घट्ट धरायचं म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, आणि खालून सोडवत यायचं. पोरगी चौदा वेळा थांब म्हणाली. ती चौदा वेळा थांबली.

जाड पेड सुटला. बारीक सुटला. आता आईची वेणी उरली नव्हती. मावशीच्या हातात नुसते केस होते आणि तिला ते स्पष्ट दिसत होतं. पोरगी रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मावशी तिच्या मागे बसून होती. तिला रडू आलं नाही. हात चालत राहिले. तिने एवढंच केलं, की आपला गुडघा पोरीच्या पाठीला टेकवला आणि तिथेच ठेवला.

"किती गळले गं!" पोरगी घाबरली. जमिनीवर केसांचा लिंबाएवढा गोळा होता.

"रोज गळतात तेच आहेत. वेणीत अडकून बसले होते. तुझ्या डोक्यावर ढीगभर आहेत अजून."

साडेतीन तास लागले. वाळल्यावर पोरीच्या डोक्यावर एवढा मोठा पिसारा झाला, की दारातून आत आलेल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, ही कोण?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडावर पदर धरून त्या तशाच परत गेल्या. त्यांनी धाकटीला लहानपणी पाहिलं होतं.

पाच महिन्यांनी पोरीच्या वडलांना गावातल्या गावात माल पोचवण्याचं काम मिळालं. तो मुलीला न्यायला आला आणि दाराशी चपला काढून अवघडून उभा राहिला.

"ताई, तुमचे उपकार..."

"ते राहू द्या भाऊजी. आधी हात धुवा आणि इकडे या."

तिने त्याला स्टुलामागे उभं केलं. स्टिअरिंग धरून धरून राठ झालेली बोटं, त्यांत केस अडकायचे. तिने त्याच्या तळहातावर कंडिशनरचा पांढरा गोळा ठेवला. "कमी नका घेऊ. केसांना लावायचाय, पोळीला तूप नाही."

"बाबा, खालून!" पोरगी ओरडली. "आधी खालून!"

"खालूनच करतोय ना बाळा..." बटा सोडवता सोडवता तो रडत होता, नाक बाहीला पुसत होता. "ताई, हिच्या आईचे असे होते का हो? अकरा वर्षं संसार केला, मला माहीतच नाही."

"असेच होते," ती म्हणाली. त्याला रडू दिलं. तिला त्याचा राग येत नव्हता, त्याची कीवही येत नव्हती. तिने फक्त पाणी कमी पडलं तिथे मगभर ओतलं.

पोरगी गेली. खोल्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. बेसिनताई कामावर जात राहिली. थर्मामीटर तिने मॅडमना परत केला नाही.

दीडेक महिन्याने दुपारी फोन आला. मेहुणा दुकानातून बोलत होता, मागे गर्दीचा आवाज. "ताई, ती बाटली संपली आणि इथे मिळत नाहीये. दुसऱ्या दोन आहेत. कुठली घेऊ?"

दोन्ही बेसिनांवर गिऱ्हाईकं उताणी होती. ती म्हणाली, "मागचं वाचा."

"सगळं?"

"पहिली पाच नावं वाचा."

तो अडखळत वाचू लागला. लांबलचक नावं, अक्षर अक्षर फोडून. मध्येच थांबायचा, "हे काय म्हणतात देवाला माहीत," आणि पुन्हा सुरू. तिसऱ्या नावाला तिने ओळखलं की ही नको, त्यात प्रोटीन आहे. पण तिने त्याला थांबवलं नाही. ओल्या हाताने फोन कानाशी धरून, भिंतीला टेकून ती ऐकत राहिली. पाचही नावं झाली. मग दुसऱ्या बाटलीची. त्यात ग्लिसरीन चौथं निघालं.

"ही घ्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"आधी एका बटेवर लावून बघा. ती सांगेल पास की नापास."

पलीकडून पोरीचा आवाज आला, "मावशी आहे? मला दे, मला दे!" आणि फोन हातातून हातात जाताना नुसती खरखर झाली.

बेसिनवरची बाई म्हणाली, "अहो ताई, पाणी गार झालं."

"झालं असेल," बेसिनताई म्हणाली. "जरा थांबा. माझ्या भाचीचा फोन आहे."