बिब्बा मला उतला नाही

माझ्या चुलत बहिणीच्या मानेवर, डाव्या कानाखाली, एक पांढरा डाग होता. आयुष्यात मला कशाचा हेवा वाटला असेल तर त्या डागाचा. तिची पदवी, तिचा पगार, मुंबईतली तिची स्वतंत्र खोली, या सगळ्यावर मी जळलेच; पण ते सगळं त्या डागाच्या मागून आलं. हेवा करू नये, असं कीर्तनकार सांगतात. सांगोत बापडे. त्यांना कुणी चौथीनंतर शाळेतून काढून चुलीपुढे बसवलं नव्हतं.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे. थोरल्या काकांची ती, त्यांच्या धाकट्या भावाची मी. एकाच घरात वाढलो, एकाच पाटीवर शिकलो. ती अक्षरात चांगली होती आणि गणितात मी. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

आठवड्याच्या बाजाराला सातपुड्यातल्या बाया चारोळी, मोहाची फुलं आणि बिब्बे घेऊन खाली उतरायच्या. बिब्बा घरोघरी लागायचा. ते काळं, चपटं फळ तापवून टोचलं की काळंभोर तेल येतं. ते टाचांच्या भेगांत भरायचं. परीट त्यानंच कपड्यांवर खुणा करायचा, त्या कपडा फाटला तरी जात नसत. पण हे तेल अंगाला लागलं की काहींना उततं. कातडी सुजते, फोड येतात, माणूस खाजवून खाजवून वेडा होतो. थोरल्या काकांना तर बिब्बा भाजल्याचा धूर लागला तरी डोळे मिटून जात. आणि बाजारातली ती डोंगरातली बाई मात्र उघड्या हातांनी बिब्बे फोडायची, त्याच हातांनी भाकरी खायची.

असं का, हा प्रश्न आम्हा दोघींना पडला. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "ज्यानं त्यानं रगत ऱ्हास." ज्याचं त्याचं रक्त, एवढंच. माझं तेवढ्यावर भागलं नाही आणि बहिणीचंही नाही. आम्ही गोठ्यामागे बसून बिब्ब्याचा थेंब कशाकशावर टाकून पाहिला. एरंडाच्या पानावर, भोपळ्यावर, ओल्या चुन्यावर. एकदा म्हशीच्या नाकाजवळ टाकायला गेलो तेव्हा म्हशीनं तिला शेणात बसवलं आणि मी हसून लोळले. चुन्यावर तेलाचा रंग बदलतो, हे आधी तिच्या ध्यानात आलं. पालथ्या हातानं कपाळावरचे केस सारून ती नुसती बघत राहिली. बघताना तिला ऐकू येत नसे. माय हाका मारून थकायची.

चौथी झाली आणि दोघींची पाटी एकदमच माळ्यावर गेली. दोन-तीन वर्षांनी शहाद्याकडच्या एका घरचे दोन भाऊ सांगून आले. दोन बहिणी, दोन भाऊ, एकच मांडव. घरात सगळे खूश होते. बघायला यायचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी बहीण काकूच्या टाचांसाठी बिब्बा तापवायला बसली. मी विहिरीवर होते. परत आले तर घरात रडारड. बिब्बा तडकला, तेल मानेवर उडालं, असं ती सांगत होती. संध्याकाळपर्यंत तिची मान आणि अर्धा गाल सुजून डोळा बंद झाला होता.

पाहुण्यांना निरोप गेला. सूज उतरली, खपल्या पडल्या, पण कानाखालची कातडी पांढरी झाली ती झालीच. खोबरं लावलं, तीळ लावले, प्रकाशाला जाऊन महादेवाला अभिषेक झाला. गावानं मात्र एका शब्दात निकाल दिला, कोड. बिब्ब्यानं भाजलंय, असं काकू जिला तिला सांगायची. ऐकणारी मान हलवायची आणि बाहेर जाऊन दुसरंच सांगायची. शहाद्याच्या घरानं तिला नकार दिला आणि घरातच कोड आहे म्हणून मलाही.

थोरले काका दिवसदिवस ओट्यावर बसून राहायचे. "तिले कोन करी आते?" तिच्याशी आता लग्न कोण करणार, एवढं एकच वाक्य. शेवटी गावातले गुरुजी म्हणाले, पोरगी हुशार आहे, धुळ्याला मामा आहे, इंग्रजी शाळेत घाला. काकांनी घातली. हौसेनं नाही. नाहीतरी घरात बसून काय करणार, म्हणून. जी दारं ढकलून आम्हा दोघींचे हात दुखले असते, ती तिच्यासाठी आपोआप उघडली. ती बैलगाडीत बसून आगगाडी गाठायला नंदुरबारकडे निघाली तेव्हा काकू पदरात तोंड घालून रडत होती आणि मीही रडत होते. सगळ्यांना वाटलं, बहीण दुरावली म्हणून. मला तिच्या जागी बसायचं होतं.

सुट्टीत ती यायची आणि मला सगळं सांगायची. तेवढा मोठेपणा तिच्यात होता, आणि त्याचाही मला राग यायचा. भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा धरला की विटांची भिंत दिसते. आंबट पदार्थानं रंग बदलणारे कागद असतात. ते तिनं आणलेही होते. आम्ही चिंचेचं पाणी, दूध, ताक, रिठ्याचा फेस, तापीचं पाणी, सगळ्यांत ते बुडवून पाहिले. ताकात कागद तांबडा झाला तसं मी विचारलं, दुधात का होत नाही? तिनं तो कागद उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाली, "हे आमना वर्गमा कोनी इचारं नही." मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिच्या वर्गात हे कुणाला सुचलं नव्हतं आणि मला चुलीपाशी बसून सुचलं होतं. मग वर्गात ती का आणि मी इथे का?

मी धीर करून वडिलांना म्हटलं, मलाही धुळ्याला पाठवा. ते गव्हाणीत कडबा टाकत होते. त्यांनी माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुले काय जायं?" ते म्हणाले. "तू त धडधाकट शे."

तुला काय झालंय, असं रागानं नाही, मायेनंच विचारलं. धडधाकट पोरीला शिक्षण कशाला लागतं, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. जे वैगुण्य असतं तर शाळा मिळाली असती, ते माझ्यात नव्हतं. त्या दिवसापासून मी आरशात माझी मान बघायला लागले. स्वच्छ, गोरी मान. असला संताप यायचा तिचा.

पुढच्या वर्षी एक स्थळ आलं. तापीपलीकडचं घर, जमीन काळी, माणसं बरी. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी घर झोपलेलं असताना, मी फडताळातला बिब्बा घेतला, निखाऱ्यावर धरला, दाभणानं टोचला आणि काळं तेल मानेला चोपडलं. डाव्या कानाखाली, अगदी तिच्या जागी. भीती होती, पण त्याहून जास्त आशा होती. धुळ्याच्या शाळेचा दरवाजा कसा असेल, हे मी डोळे मिटून बघत बसले.

थोडी जळजळ झाली. मग तीही थांबली. संध्याकाळी मान चाचपली, सूज नाही. सकाळी पाहिली, फोड नाही, लाली नाही. खसाखसा घासूनही न निघणारा एक काळा ठिपका तेवढा राहिला होता. मला बिब्बा उतलाच नव्हता. डोंगरातल्या त्या बाईसारखी मीही निघाले.

पाहुणे आले. मुलाची आई म्हातारी, बारीक नजरेची. तिनं माझी हनुवटी धरून मान वळवली, ठिपका पाहिला आणि माझ्या मायकडे वळून कौतुकानं म्हणाली, "तीट लाई, ते बरं करं. असी पोरले नजर लागी जास." लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती काजळाची तीट! मायला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण कौतुक कुणाला नको असतं? ती हसली. त्याच बैठकीत नारळ दिला गेला. लोक दुसऱ्याच्या लग्नात बिब्बा घालतात म्हणतात. मी स्वतःच्या लग्नात घालायला गेले आणि त्यानंच लग्न जुळलं.

सासर वाईट नव्हतं. नवरा शांत होता, सासू त्या ठिपक्यावरून मला जन्मभर गुणी समजत राहिली. मी कापूस वेचला, मुलं वाढवली. तिकडे बहीण पुण्याला गेली, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि लढाईच्या दिवसांत मुंबईला रंग आणि रोगण बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. बिब्ब्याच्या तेलापासून पाणी न शिरणारं रोगण करता येतं, त्यावर तिचं काम चाललं होतं. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या भाकऱ्या करपल्या.

ती नोकरीला लागली त्या श्रावणात मी बाळंतपणाला माहेरी होते. आमच्याकडे कानबाईचा सण मोठा. देवीच्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, एकेकाच्या नावाची मूठ. बायकांची मूठ नसते. लेकी परक्या घरच्या, सुना बाहेरून आलेल्या. थोरले काका एकेक नाव घेत सुपात मूठ टाकत होते. आजोबा, स्वतः, माझे वडील, माझे भाऊ. शेवटी ते थांबले, खाकरले आणि त्यांनी बहिणीचं नाव घेऊन एक मूठ टाकली. ती कमावत होती आणि तिला दुसरं घर नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. मी उंबऱ्यावर बाळाला पाजत बसले होते. माझ्या बाळाची मूठ त्याच्या बापाच्या घरी होती आणि माझी कुठेच नव्हती. मी उठून आत गेले. तो रोट मी तोंडात घातला नाही, बाळंतिणीला जड पडतो म्हणून सांगितलं.

पुढे एका हिवाळ्यात ती माझ्या सासरी उतरली. धडगावकडे डोंगरात निघाली होती, बरोबर लाकडी पेटी, पेटीत बाटल्या. कारखान्यात बिब्ब्याचं तेल हाताळणाऱ्या कामगारांना फोड येत होते, पण सगळ्यांना नाही. काहींना का येत नाहीत, हे शोधायला ज्यांना उतत नाही अशी माणसं तिला हवी होती. ती अशी माणसं डोंगरात हुडकणार होती. बोलताना तिनं तसंच पालथ्या हातानं केस मागे सारले. वय झालं तरी डोळे तसेच होते. मी तिच्या ताटात भाजी वाढत होते. राहवलं नाही.

"डोंगरमा कसाले जास?" मी म्हटलं. "माले उतत नही."

तिचा घास हातातच राहिला. "तुले कसं माहीत?"

मी सांगितलं. कधी लावला, कुठे लावला. सासू माजघरात होती म्हणून हळू सांगितलं. तिनं हात धुतले, माझा पदर बाजूला केला आणि मान दिव्याशी नेऊन बघायला लागली. किती लावला होता? ताजा होता की जुना? धुतला कशानं? प्रश्नांवर प्रश्न. एकाही प्रश्नात मी नव्हते, नुसती कातडी होती. का लावला, एवढंच तिनं विचारलं नाही. माझं डोकं फिरलं.

"काबर लाया, ते इचार ना!" मी म्हटलं.

"ते माले ठाऊक शे," ती म्हणाली. "मी बी त्यानाकरताच लाया व्हता."

बिब्बा तडकला नव्हता. उडाला नव्हता. मी तिच्या नशिबावर जळत होते आणि ते नशीब तिनं स्वतःच्या हातानं मानेला फासलं होतं, माझ्या आधी, कुणाचं बघून नव्हे तर स्वतःच्या डोक्यानं. नशिबाचा हेवा निदान गोड असतो, त्यात आपली चूक नसते. तोही तिनं माझ्याकडून काढून घेतला.

"मंग माले काबर नही सांगं?"

"दोन्हीस्ना आंगवर एकदम डाग पडता त घरमा कळतं नही का?" ती म्हणाली. आवाज खाली गेला होता, पण नजर चुकवली नाही. "एकच जाई शकती व्हती, बहिन."

उत्तर बरोबर होतं. गणितात मी तिच्याहून बरी, मला लगेच कळलं. बरोबर होतं म्हणूनच तिच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं.

मी हात पुढे केला. तिनं रबराचे हातमोजे चढवले, पेटीतून काचेची कांडी काढली आणि माझ्या उघड्या दंडावर तेलाचा एक थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथे काळ्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं. ती इतकी हरखली की तिनं मला मिठीच मारली. थेंब थेट ठेवूनही लाली न येणारं माणूस तिला मुंबईत मिळालं नव्हतं म्हणे.

"पन माले काबर उतत नही?" मी विचारलं.

"तेच त शोधी ऱ्हायनू," ती म्हणाली आणि पेटी बंद करून गाडीकडे निघाली.

माझ्याच कातडीतला प्रश्न, आणि तो सोडवायचा पगार तिला होता.