भाच्यासाठी गेमिंग लॅपटॉप

चहा घ्या, शेव घ्या, पण मध्येच हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मी घातलेला हा घोळ सांगताना मला अजून कानकोंडं व्हायला होतं!

मी जळगावच्या एका शाळेत पर्यवेक्षक. पालकसभेत माझं एक भाषण ठरलेलं: ‘मोबाईल गेम आणि बिघडलेली पिढी’. ते ऐकून एका आईने तिथल्या तिथे पोराच्या हातातला मोबाईल काढून घेतला होता. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाने स्वतः गेम खेळावा का? नाही ना?

मी खेळतो.

आणि साधासुधा नाही! पॅराशूटने बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, दिसेल त्याला उडवायचं. मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि बाहेर सांगायचं, ‘पेपर तपासतोय.’ आमची मंगल, म्हणजे बायको, दाराशी चहा ठेवून जायची. बिचारीला वाटायचं, किती राबतो हा माणूस!

पण जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. शत्रू मला मारून घरी जेवायला जायचा, तेव्हा मला कळायचं की आपण मेलो. शेवटी गेमिंग लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. जळगावात घेण्याची सोय नव्हती. प्रत्येक दुकानात माझा एक तरी माजी विद्यार्थी, बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. म्हणून एसटी धरली आणि धुळं गाठलं. म्हटलं, तिथे आपल्याला कोण ओळखतं?

हीच ती घोडचूक. अहो, खानदेशात कुणी अनोळखी असतं का? फक्त ओळख निघायची बाकी असते!

दुकान गल्लीतलं, लहानसं. मालक रमेशभाऊ. गिऱ्हाईक सांगेल तसे पार्ट टाकून लॅपटॉप बनवून द्यायचे. पण पार्ट राहिले बाजूला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

‘गाव कोणतं तुमचं?’

‘जळगाव.’

‘ते राहायचं झालं. मूळ गाव?’

‘बोदवड.’

‘बोदवड! आणि आडनाव?’

आडनाव सांगितलं तसे रमेशभाऊ खुर्चीतून उठलेच. ‘अरे, मग पाव्हनेच निघाले की तुम्ही! माझ्या मावसभावाची सासुरवाडी बोदवडची. बसा, बसा. चहा सांगतो.’

आता पाहुण्यांना कसं सांगायचं, की पन्नाशीतल्या या पर्यवेक्षकाला बंदूक चालवायची आहे? ‘भाच्यासाठी हवाय,’ मी ठोकून दिलं.

‘किती वेळ खेळतो तो? जळगावचा उन्हाळा म्हणजे मशीन तापणार. त्या हिशेबाने आत पंखे टाकतो.’

‘दुपारी बसला की दिवेलागणीलाच उठतो,’ मी खरं तेच सांगितलं. मग वाटलं, पोरगा अगदीच वाया गेलेला दिसायला नको. म्हणून जरा भर घातली. ‘पण गुणी आहे हो! सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. उगाच कुठे भटकणं नाही. पुण्याला इंजिनिअर आहे, सुट्टीत आमच्याकडेच असतो.’

‘लग्न?’

‘छे छे! अजून कुठे!’

रमेशभाऊंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग त्यांनी चहाबरोबर कचोरीही मागवली. मला वाटलं, काय प्रेमळ माणूस आहे.

पुढे त्यांचे फोन सुरू झाले.

‘भाच्याची उंची किती हो?’

टेबल-खुर्चीच्या हिशेबाने विचारत असतील. मी माझीच सांगितली.

‘चष्मा?’

हे पडद्यासाठी असणार. ‘नाही,’ मी म्हटलं. मला फक्त वाचायचा आहे, तो कशाला धरायचा?

‘जन्मतारीख आणि वेळ?’

हे मात्र जरा खटकलं. पण लोक नवी गाडी मुहूर्त बघून दारात आणतात, हे लॅपटॉपचा मुहूर्त काढत असतील! शहाणपणा बघा माझा. तारीख आणि वेळ माझीच दिली, साल तेवढं पुढे ढकललं.

शेवटच्या फोनवर रमेशभाऊ म्हणाले, ‘तुम्ही धुळ्याला येऊच नका. रविवारी आम्हीच लॅपटॉप घेऊन येतो. सोबत आबाही येतील. त्यांनी एकदा नजरेखालून घातलं की आम्ही निर्धास्त. भाच्याला तेवढं बोलावून ठेवा.’

मी हरखलोच! घरपोच लॅपटॉप, वर तो तपासायला आबा नावाचे कोणी जुनेजाणते इंजिनिअर! याला म्हणतात सर्व्हिस! भाच्याचं काय, त्याची गाडी चुकली म्हणून सांगता येईल. मंगलही त्या दिवशी बारशासाठी नशिराबादला जाणार होती. सगळं कसं जुळून आलं होतं.

रविवारी दारात गाडी थांबली. आधी उतरले धोतर-टोपीतले, ऐंशीच्या घरातले आबा. ते रमेशभाऊंचे काका निघाले. मागून जरीच्या साडीत रमेशभाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, एका हातात पेढे, एका हातात नारळ. शेवटी छातीशी खोकं धरलेले रमेशभाऊ. खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

आबा सोफ्यावर टेकले. छतापासून फरशीपर्यंत सगळं घर न्याहाळलं आणि म्हणाले, ‘पोऱ्या कोठे शे? बलावा त्याले.’

रमेशभाऊंनी खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. ‘ही आमची मुलगी. एमएस्सी झालीय. पत्रिका तर इतकी छान जुळतेय की गुरुजीसुद्धा खूश!’

अहो, साल सोडलं तर जुळली होती ती पत्रिका माझीच!

‘त्याची... पुण्याची गाडी अडकलीय,’ मी पुटपुटलो. पाणी दिलं, चहा दिला, परत पाणी दिलं. शाळेत कळलं तर? मंगलला कळलं तर? ती परतायच्या आत ही माणसं निघावीत म्हणून सगळ्या देवांना साकडं घालत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि मंगलच आत आली. बारसं लवकर आटोपलं होतं.

वहिनी लगबगीने उठल्या. ‘या ताई! तुमच्या भाच्याला बघायला आलोय आम्ही. यांच्या बहिणीचा मुलगा हो, पुण्याचा इंजिनिअर!’

मंगलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘यांना बहीणच नाही,’ ती म्हणाली.

मग काय लपवणार? सगळं भडाभडा सांगून टाकलं. बंद दार, पेपर, पॅराशूट, बंदुका, सगळं! वहिनींचा चेहरा पडला. हातातला नारळ कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्या क्षणी मात्र मला खरंच लाज वाटली हो. हात जोडून माफी मागितली. रमेशभाऊंनी माझ्या हातातला फोटो परत घेतला.

बोलले ते आबा. ‘म्हंजे खेयनारा पोऱ्या तूच शे का?’

‘हो, आबा.’

‘मंग बस तठे. काढ ते मशीन. आमी इतलं दूरथून देखाले ऊनूत, देखीसनच जासूत!’

बघूनच जाणार म्हणे! आता ऐंशी वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणणार? पूर्वी बघायला आलेले मुलीला वाचून दाखव, चालून दाखव म्हणायचे ना, तसा मी लॅपटॉपसमोर बसलो. कीबोर्डवर लाल-हिरवे दिवे लुकलुकले. गेम रमेशभाऊंनी आधीच टाकून ठेवला होता, होणाऱ्या जावयासाठी! शेजारी आबा, पलीकडे वहिनी आणि पाठीशी मंगल.

बेटावर उतरलो. बंदूक सापडली. भिंतीआड एक शत्रू हलला.

‘तठे देख, तठे!’ आबा ओरडले.

मी घाबरून हातबॉम्ब फेकला. तो भिंतीवर आपटला, गडगडत माझ्याच पायाशी आला आणि फुटला. मी मेलो. उतरून पुरतं मिनिटही झालं नव्हतं.

आबांनी काठी उचलली. ‘चाल रे रमेश. हाऊ पोऱ्या काई कामना नही.’

झालं, मी नापास! वहिनींना एवढं हसू फुटलं की त्यांनी पदर तोंडाला लावला. रमेशभाऊही हसले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मंगलने वहिनींची ओटी भरली, आबांच्या पाया पडली, सगळ्यांना गाडीपर्यंत सोडून आली. मी लॅपटॉपसमोर तसाच बसलेलो.

ती आत आली आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

‘स्थळ बघणारी माणसं अशी असावीत,’ ती म्हणाली. ‘नाहीतर आमचे बाबा! नुसते पोहे खाल्ले आणि हो म्हणून आले.’