वाऱ्यात अडकलेला मंगळवार

हेक्टर केजिकला एका जागी बसवत नसे. माझ्या थोरल्या बहिणीचा, व्हर्नाचा, तो नवरा. एकतीस वर्षं त्यानं कॅनडातल्या केनोरा शहराच्या रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी चालवली, त्यामुळे त्याची चुळबूळ कुणाच्या ध्यानात आली नाही. तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी व्हर्नाची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. त्यासाठी दोघं तलावावरचं घर सोडून शहरात दोन खोल्यांत राहायला आली. तिथे हा पठ्ठ्या दिवसातून दहा वेळा कचरा टाकायला खाली जायचा.

मे महिन्यात तलावावरचा बर्फ फुटला आणि त्याचा फोन आला.

"लेना, उद्या चल. ट्राउट मासे वर आलेत."

"दाजी, दोन डायलिसिसच्या मधला एकच दिवस तिला मोकळा असतो. आराम करू द्या की!"

"तिलाच विचार."

मागून व्हर्नाचा आवाज आला, "ये गं बाई. नाहीतर हा माणूस भिंती चाटायला लागेल."

बर्फ गेल्यावर आठ-पंधरा दिवसच ट्राउट किनाऱ्यालगत असतात. पाणी तापलं की खोल जातात. म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही कॅनू, म्हणजे आमची हलकी, अरुंद होडी, पाण्यात लोटली. हेक्टर मागे, मी पुढे. पुढची जागा खरं तर व्हर्नाची, पण सुया टोचून टोचून तिच्या डाव्या हाताची चाळण झाली होती, वल्हं मारायची मनाई होती. ती मध्ये घोंगडी टाकून बसली, गळाची काठी मांडीवर घेऊन.

हेक्टर कुठे थांबेना. या खडकाशी पाच मिनिटं, त्या ओढ्याच्या मुखाशी पाच मिनिटं.

"इथे नाहीत."

"अरे, मासा काय शेपटीला घड्याळ बांधून येतो?" व्हर्ना म्हणाली. "जरा दम धर!"

भूशिराजवळ तिची काठी एकदम वाकली. तिनं ती पोटाशी दाबून धरली. मासा खाली जायचा, वर यायचा, पुन्हा खाली. तेवढ्यात मला पाण्यावर काळी रेघ सरकताना दिसली.

"दाजी, वारा!"

"दोरी काप, व्हर्ना."

"सुरीला हात लावून तर बघ!"

मासा जाळ्यात आला तोवर वाऱ्यानं आम्हाला भूशिराबाहेर, उघड्या पाण्यात ढकललं होतं. परत फिरणं अशक्य होतं. लाटा पाठीवर घेत आम्ही कसंबसं समोरचं बेट गाठलं.

मासा चांगला सहा किलोचा. चरबीत तळला, सोबत बॅनक, म्हणजे आमच्याकडची मैद्याची जाड भाकरी, आणि चहा. आम्ही दोघी जेवलो. हेक्टर एक घास खाऊन उठला आणि किनाऱ्यावर फेऱ्या मारायला लागला. तलाव पांढराफटक झाला होता.

"उद्या सातला मशीन आहे तिचं," तो मला म्हणाला. "वारा तीन दिवस राहिला तर? मी एकटा जाऊन मोटरबोट आणतो."

"दाजी, वेड लागलंय का?"

तो निघालाच. एकट्याच्या वजनानं कॅनूचं पुढचं टोक वर उचललं गेलं आणि वाऱ्यानं ती पानासारखी फिरवली. मग एक लाट आत शिरली. त्या पाण्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. मी किंचाळत होते. व्हर्ना नुसती उभी होती, दोन्ही हात तोंडावर ठेवून.

तो कसाबसा परत आला. कमरेपर्यंत भिजलेला, ओठ निळे. आम्ही त्याचे कपडे उतरवून त्याला घोंगडीत गुंडाळलं. व्हर्नानं त्याच्या हातात चहा दिला.

"मशीनवर चार तास मी एकटी असते," ती म्हणाली. "तू एकदाही आत बसला नाहीस."

"मला ते रक्त नळीतून जाताना बघवत नाही गं."

"मग माझ्याकडे बघ ना. नळीकडे कोण बघ म्हणतंय!"

हेक्टरनं मान खाली घातली. पण तो उठला नाही. व्हर्ना त्याला टेकून झोपली आणि दुपारभर तो तसाच, मुंग्या आलेला खांदा न हलवता, लाटांकडे बघत बसला.

सूर्य झाडांना टेकला तसा वारा पडला. आम्ही वल्ही मारली आणि अंधार पडायच्या आत गाडीपाशी पोचलो.

बुधवारी सातला मीच त्यांना दवाखान्यात सोडलं. हेक्टर तिच्याबरोबर आत गेला. नर्सनं टोचायला सुई हातात घेताच तो पांढरा पडून बाहेर आला, दाराशी उभा राहिला आणि परत आत गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो बाहेर आलाच नाही. मी काचेतून डोकावले, तर तो खुर्ची तिच्या उशाशी ओढून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला दोन्ही हात पसरून मासा दाखवत होता.

"एवढा नव्हता," व्हर्ना डोळे मिटूनच म्हणाली.