आत्याच्या पाठीतली सुई

दुपारी आत्याच्या नंबरावरून फोन आला, पण बोलला माझा भाऊ. "ताई, आत्याला दम लागलाय, बोलता येईना." लोणावळ्याच्या ऑफिसातून मी तशीच निघाले. तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत... आत्या गेली होती. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली, असं डॉक्टर म्हणाले.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरणेपणी विधवा होऊन तिकोणा पेठ या आमच्या गावी, आमच्याकडं आली आणि भाताच्या खाचरात वाकून वाकून गुडघे घालवून बसली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या निकालाचे पेढे तिनं गावभर वाटले, जणू तीच पास झाली होती. त्यामुळं गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांपुढं तिनं मलाच बसवलं. "ही आमची शिकलेली हाय. हिला सांगा."

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या. पूर्ण भूल, नाहीतर मणक्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं. सुईच्या भुलीत गुठळीचा धोका जरा कमी असू शकतो, पण हमी नाही. खरी भिस्त रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर आणि लवकर चालण्यावर. पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर जाते, हे आमच्या बायकांत पक्कं. मी आत्याला सगळं समजावलं. ती म्हणाली, "घाला पाठीत. निदान जागी तरी ऱ्हाईन." ऑपरेशन चालू असताना ठोकाठोकी ऐकून तिनं विचारलं म्हणे, "डागदर, सुतार बलावलाय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून चालली. घरी आल्यावर मात्र भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. "जन्मभर राबलीस, आता हलू नगं." गोळ्या ती न चुकता घ्यायची, चालायची मात्र नाही. मी रागवायचे, "आत्या, ऊठ की!" ती दबक्या आवाजात म्हणायची, "गप गं. पाव्हणं बसल्यात. आपुन उठून फिरायचं म्हंजी त्यास्नी जा म्हनल्यावानी." पोटरी सुजली, तीही तिनं लुगड्याखाली झाकली.

सुईमुळं झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाही. पण चालली असती तर वाचली असती, असंही छातीठोक सांगता येत नाही. सगळं नीट करूनही कधी कधी होतं. गावात मात्र ठरून गेलंय, सुईनंच गेली. आत्याची मैत्रीण साळूमावशी, जिला आता काठीशिवाय उंबराही ओलांडवत नाही, तिनं आपलं गुडघ्याचं ऑपरेशन रद्द केलं. मला तोंडावर म्हणाली, "शिकलीस खरी, पर सुई तूच घ्यायला लावलीस."

लागलं मला ते. सुईनं नाही, एवढं मी सांगू शकते. पण मग कशानं, असं कुणी विचारलं तर? मायेनं येऊन बसलेल्या माणसांना कसं सांगू, की तुमच्या मानासाठी ती बसून राहिली? समोर बोलवत नाही, म्हणून इथं लिहिते. आजाऱ्याला भेटायला जाल तर हाताला धरून उठवा. चार पावलं त्याच्याबरोबर चाला.

परवा साळूमावशी पुन्हा आली. आत्याच्या खाटेपाशी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "लय दुखली का गं तिला, ती सुई?"

"न्हाई मावशी. हसत व्हती ती."

साळूमावशीनं रिकाम्या खाटेवरची वाकळ हातानं सारखी केली, आजाऱ्याच्या पायावरची करतात तशी... हलक्या हातानं.