नागपूरला अंतरपाट पडेपर्यंत

अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात लग्न असो, बारसं असो की मंडळाचा गणपती, हॉलमध्ये शिरल्यावर मी आधी रत्नाचं टेबल शोधते. त्या टेबलावर वायरी असतात आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका असतो. कॅमेऱ्याच्या वायरीला लाल, माइकच्या वायरीला गुलाबी, इंटरनेटच्या वायरीला मोरपंखी. वायर जिथे खुपसायची त्या भोकालाही त्याच रंगाचा ठिपका. "ऐनवेळी चष्मा सापडला नाही तर काय लग्न थांबवायचं?" असं ती विचारते.

रत्ना मूळची बार्शीची. लग्न होऊन मिशिगनला आली. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता आणि ही एका शाळेच्या स्वयंपाकघरात. आता नवरा नाही, नोकरीही संपली. मंडळाच्या कार्यक्रमांचं लाइव्ह करायचं काम मात्र ती कुणाला देत नाही. तरुण मुलं मदतीला येतात, दोन वायरी लावतात, खुर्च्या उचलतात. ते टेबल तिचं.

करोनाच्या दिवसांत तिचे वडील बार्शीला वारले. विमानं बंद होती. एका नातेवाइकानं व्हिडिओ कॉलवर शेवटचं दर्शन घडवतो म्हणून सांगितलं, आणि कुणीतरी हाक मारली तसा फोन कॉटवर तसाच ठेवून तो निघून गेला. "मी पंखा बघत होते, बाई," ती मला एकदा म्हणाली. "अण्णा नाही दिसले. पंख्याचं एक पातं जरा वाकलेलं होतं." एवढंच बोलून तिनं पोळी लाटायला घेतली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, पण त्याच वर्षी ती कॅमेरा चालवायला शिकली.

यंदा मंडळानं तिला नवा एन्कोडर घेऊन दिला. मोठ्या पाठ्यपुस्तकाएवढा डबा, वरची सगळी बाजू काचेची. कॅमेऱ्यातलं चित्र आणि माइकमधला आवाज एकत्र करून तो इंटरनेटवरून पाठवतो, मग जगात कुठेही बसून माणूस बघू शकतो. बटणं नाहीत. काचेवर चौकोन दिसतात; ज्या चौकोनाला बोट लावाल ते चित्र बाहेर जातं. पहिला चौकोन वधूवरांच्या जवळच्या कॅमेऱ्याचा, दुसरा पूर्ण हॉल दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, तिसऱ्यात गणपतीचं चित्र आणि खाली 'थोड्याच वेळात'. कोपऱ्यात एक लाल चौकोन, सगळं बंद करण्याचा. त्या लाल चौकोनाला रत्ना घाबरायची. "आपण साधं हात टेकवला तरी याला वाटतं हुकूम झाला," ती म्हणायची.

आणि त्या डब्याचं पहिलं मोठं काम म्हणजे निधीचं लग्न.

निधी नागपूरची. इथे आयटीमध्ये नोकरी, व्हिसा अशा टप्प्यावर की देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत कधी येता येईल ते कुणी सांगेना. तिचे वडील गुरुनाथराव नागपूरला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता. मुलीला जाता येईना, बापाला येता येईना. शेवटी लग्न इथेच करायचं ठरलं. गुरुनाथराव जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. लग्नाआधी त्यांनी व्हिडिओवर रत्नाला सांगितलं, "ताई, जेवणं नका दाखवू, भाषणं नका दाखवू. अंतरपाट पडते ना, तेव्हाचा पोरीचा चेहरा तेवढा दिसला पाहिजे. मागून रेकॉर्डिंग नको. तेव्हाच्या तेव्हा."

"दिसेल," रत्ना म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ती हाताची बोटं चोळत बसली होती.

आदल्या दिवशी आम्ही हॉल बघायला गेलो. जाड भिंतींचा, तळघरासारखा हॉल. फोनला रेंज जेमतेम. मेसेज जात होता, व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत गोठत होता. हॉलच्या वायफायवर रत्नाचा विश्वास बसेना. खात्रीचं इंटरनेट एकाच ठिकाणी होतं, हॉलच्या मधोमध जमिनीत बसवलेल्या खोबणीत. म्हणून रत्नाचं टेबल तिथेच आलं, पाहुण्यांच्या खुर्च्या आणि बोहलं यांच्या मध्ये. तिनं मोरपंखी ठिपका मोरपंखी ठिपक्याला जोडला, डबा सुरू केला, मंडळाच्या चॅनेलचं नाव निवडलं आणि नागपूरला फोन लावला. तिथे निधीच्या आई शोभनाताईंनी टीव्हीवर आमचा रिकामा हॉल बघितला. "खुर्च्या दिसून राहिल्या!" त्या ओरडल्या. आम्ही हात हलवला. फोनवर त्यांचं "आता हात दिसला" यायला अर्धं मिनिट गेलं.

"इतका उशीर?" मी विचारलं.

"लाइव्ह म्हणजे अगदी त्याच क्षणी नसतं, बाई. रस्ता लांब आहे. आपलं इथे होऊन जातं आणि तिकडे अजून व्हायचं असतं."

हॉलच्या मॅनेजरबाईंनी एकच अट घातली होती: तांदूळ उधळायचा नाही. त्यांच्या गालिच्यातून तो निघत नाही म्हणे. मग अक्षता कशाच्या? रत्नाच म्हणाली, गुलाबाच्या पाकळ्या. तिनंच त्या आणल्या, आपल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि सकाळी वाट्यांत भरताना सुकू नयेत म्हणून तिनंच त्यांवर पाणी शिंपडलं.

लग्नाच्या सकाळी ठरल्याप्रमाणे मी तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे फोन, फोनवर शोभनाताईंचे मेसेज; तिकडे काय दिसतंय ते मी रत्नाला सांगायचं. संजीव गुरुजींनी मुहूर्त पावणेअकराचा सांगितला. सोमवार ते शुक्रवार ते गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतात, त्यामुळे वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. अंतरपाट धरायला शंतनूचे, म्हणजे नवरदेवाचे, दोन मित्र: निमिष ताडासारखा उंच, आणि शिव त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारा.

"अरे, खाली घे ना यार," शिव कुजबुजला.

"तू टाचा वर कर," निमिष म्हणाला.

पहिली मंगलाष्टका झाली. रत्नानं जवळचा कॅमेरा लावला होता. काचेवर निधी दिसत होती, मुंडावळ्या सरळ, नजर खाली. "सावधान" आलं आणि आमच्या मागून दोनशे हातांनी पाकळ्या उधळल्या. बोहल्यापर्यंत थोड्याच पोचल्या. बाकीच्या आमच्या डोक्यावर, खांद्यावर, टेबलावर पडल्या. आम्ही हसलो.

फोन वाजला. 'गणपती दिसून राहिला', शोभनाताईंचा मेसेज.

मी काचेकडे बघितलं. तिसरा चौकोन पेटला होता. रत्नानं झटकन पहिल्या चौकोनाला बोट लावलं, निधी परत आली. "माझाच हात लागला असेल," ती म्हणाली.

दुसरी मंगलाष्टका. सावधान. पाकळ्या. यावेळी मी काचेवरची नजर काढली नव्हती. चौकोन आपोआप बदलला. आधी पूर्ण हॉल, मग पुन्हा गणपती. रत्नाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कुणी शिवलं का?"

"कुणीच नाही."

'ताई काय झालं? हे विचारून राहिले', नागपूर.

रत्नानं वायरी एकेक दाबून बघितल्या. लाल, गुलाबी, मोरपंखी. सगळ्या घट्ट होत्या. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. डबा बंद करून पुन्हा सुरू करावा तर चॅनेलला जोडून होईपर्यंत मुहूर्त निघून जायचा. मागच्या रांगेतून एक काका वाकून म्हणाले, "व्हिडिओ कॉल करून टाका ना, सिंपल आहे." रत्नानं मान वळवली नाही.

तिसरी संपत आली. तिनं पहिल्या चौकोनाला बोट लावलं आणि बोट तिथेच दाबून धरलं. सावधान. काचेच्या मधोमध नवीन खिडकी उघडली: 'प्रक्षेपण थांबवायचं का?' खाली हो आणि नाही. मंडळाच्या हट्टानं तिनंच डब्यासाठी मराठी भाषा निवडली होती. म्हणजे लाल चौकोन दाबला गेला होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक ओली गुलाबी पाकळी हेलकावे खात 'हो'च्या अगदी शेजारी येऊन बसली.

रत्नानं 'नाही' दाबलं. मग तिनं ती पाकळी चिमटीत धरून उचलली. काचेवर तिच्या आकाराचं पाणी राहिलं. त्या पाण्याखालचा चौकोन हलकेच उजळला आणि विझला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "पाणी मीच शिंपडलं, बाई."

"आता ते राहू दे. पुस."

तिनं पदरानं काच पुसली. काचेला कुलूप लावायची सोय त्या डब्यात होती. कोपऱ्यातलं चिन्ह काही वेळ दाबून धरायचं. तिनं धरलं. बोटं ओली, काच ओलसर, कुलूप लागेना. पुन्हा धरलं. चौथी मंगलाष्टका संजीव गुरुजींनी भराभर म्हटली, कारण घड्याळ त्यांच्यासमोर होतं. मी उठून मागच्या रांगांना खुणा केल्या, टाकू नका, टाकू नका. लोकांना वाटलं मी टाका म्हणते आहे. सावधान, आणि आधीपेक्षा जास्त पाकळ्या आल्या.

'परत गणपती', नागपूर. आणि लगेच दुसरा मेसेज: 'हे उठून टीव्हीजवळ गेले. बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.'

मी तो मोठ्यानं वाचला. वाचायला नको होता. रत्नाचा चेहरा उतरला.

"ही शेवटची," गुरुजी माइकवर म्हणाले. "मुहूर्ताला अंतरपाट काढायचा. अक्षता तयार ठेवा."

मागे वाट्या पुन्हा भरल्याचे आवाज आले. आतापर्यंत लोक चिमूटचिमूट टाकत होते. आता ओंजळी भरत होते.

रत्नानं काच पुन्हा पुसली, जवळचा कॅमेरा लावला, निधीचा चेहरा चौकोनात नीट बसला की नाही ते बघितलं. मग ती उठली, डब्याच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकवली, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून टेबलावर तंबूसारखा धरला. "ते टोक धरा, बाई. ताणून. काचेला टेकू देऊ नका." मी धरलं. समोर निमिष आणि शिव अंतरपाट धरून उभे होते आणि इकडे आम्ही दोघी पदर धरून. तिला आता बोहलं दिसत नव्हतं; पदराखाली फक्त ती लहानशी काच.

"हललं का?"

"नाही. निधी आहे," ती आतून म्हणाली.

गुरुजींचा आवाज चढला. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट बाजूला झाला, सनई लागली, टाळ्या, आणि पाकळ्यांचा नुसता मारा. पदरावर, तिच्या पाठीवर, माझ्या मनगटावर त्या थंडगार पडत होत्या. मी निधीला बघितलं. तिनं डोळे वर केले, पण शंतनूकडे नव्हे. आधी कॅमेऱ्याकडे, सरळ, आणि मग त्याच्याकडे. हार पडले. लोक उठले, मिठ्या सुरू झाल्या, कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

रत्ना वाकलेलीच.

"रत्नाकाकू, डन!" निमिष अंतरपाटाची घडी करत आमच्याकडे आला. "झालं लग्न. उठा ना आता."

"गप रे. तिकडे अजून धरलाय तू तो."

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. नागपूरच्या त्या खोलीत अंतरपाट अजून पडायचा होता, गुरुनाथराव टीव्हीजवळ उभे होते, आणि ते चित्र अजून वाटेत होतं. पाकळ्या अधूनमधून पडतच होत्या. माझा हात भरून आला. टोक सोडायची हिंमत झाली नाही. फोन दुसऱ्या हातात, आणि फोन गप्प. मी त्या काळ्या पडलेल्या फोनला अंगठा लावून तो जागा ठेवत होते.

"आलं का काही?"

"नाही."

"गणपती म्हणाल्या का?"

"काहीच नाही आलं, रत्ना."

पदराखालून तिचा श्वास ऐकू येत होता. निधी बोहल्यावरून आमच्याकडेच बघत होती. लोक तिचे फोटो काढत होते आणि ती नुसत्या भुवया उंचावून मला विचारत होती. मला तिला काही सांगता येत नव्हतं.

मग फोन थरथरला. लिहिलेला मेसेज नव्हता. आवाज पाठवला होता. मी पदराच्या आत फोन धरला. आधी नुसती सनई, आमचीच, त्यांच्या टीव्हीतून आलेली. मागे शोभनाताईंचं रडणं. मग गुरुनाथरावांचा घसा साफ केल्याचा आवाज, आणि ते म्हणाले:

"ताई, त्या पोरांनी अंतरपाट काहून वाकडा धरला होता जी? डावी बाजू हातभर वर होती. पोरगी दिसली. चांगली दिसली. पण त्या उंच पोराला सांगा, जरा खाली धरायला पाहिजे होता."

रत्ना पदर सोडून खुर्चीवर बसली. केसांत पाकळ्या, चष्मा गळ्यात लोंबत. मी निधीला हात वर करून खूण केली, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"निमिष," रत्नानं हाक मारली, "इकडे ये. तुझी तक्रार आली आहे नागपूरहून."

तिनं तो आवाज पुन्हा लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. मग ओल्या पदराचं टोक पिळलं, काच कोरडी केली, आणि कोपऱ्यातलं चिन्ह दाबून धरलं. या वेळी कुलूप लागलं. गुरुनाथरावांनी जेवणं दाखवू नका म्हटलं होतं; पण निधी पानावर बसली तेव्हा कॅमेरा तिच्यावरच होता, आणि रत्नानं तो बराच वेळ तिथून हलवला नाही.