बाळाबाई जामीन राहिली

आमच्या गल्लीत बाळाबाई कुणाला नाही म्हणत नाही. नळाला, रेशनला तुम्ही नसलात तर तुमच्या जागी ती उभी. दोन म्हशी, दोन खोल्या, आणि आवाज असा की हाक मारली तर शेजारच्या गल्लीतली म्हैसही वळून बघती.

गेल्या वर्षी फुटबॉलच्या मॅचनंतर दोन तालमींच्या टीमच्या पोरांत हाणामारी झाली. पोलिसांना सापडला आमचा गोलकिपर सम्राट. त्याला आई ना बाप. मग बाळाबाई घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती घेऊन कोर्टात गेली आणि पंचवीस हजाराला जामीन राहिली. विश्वजित वकिलांनी बजावलं, "तारखेला पोराला हजर ठेवायची जबाबदारी तुमची."

"व्हय की," म्हणाली.

पुढच्या तारखेलाच मॅच आली. सम्राट तोंड पाडून उभा. बाळाबाई म्हणाली, "तू जा खेळायला. मी जाते की तुझ्या जाग्यावर." मला सोबत घेतलं. मी तरी कुठली शहाणी, गेले.

दुपारी दोनला सम्राटचं नाव पुकारलं. बाळाबाई ताडकन उठली. "हजर!"

जजसाहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "तुम्ही सम्राट?"

"न्हाय साहेब. त्याच्या वतीनं आलेय."

"मग तो कुठं आहे?"

"म्याचला. गोलात कोण उभं ऱ्हायचं दुसरं?"

वकिलांनी फायलीत तोंड लपवलं. साहेबांनी सम्राटवर वॉरंट काढलं, जामीन जप्त केला आणि पंचवीस हजार तुमच्याकडून का वसूल करू नयेत ते सांगा म्हणाले. बाळाबाईचा चेहरा उतरला. एवढे पैसे म्हणजे दुभती म्हैस विकायची.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "मावशी, कोर्ट उठायच्या आत त्याला आणा. मी विनंती करून बघतो."

रिक्षानं मैदान गाठलं. बाळाबाई लोकांना ढकलत थेट गोलाच्या जाळीमागं.

"मुडद्या, चल कोर्टात! माझी म्हस चाललीया!"

"मावशी, वीसच मिनिटं. शून्य-शून्य हाय!"

"शून्य घाल चुलीत!"

तेवढ्यात बॉल आला. सम्राटनं उडी घेऊन अडवला. बाळाबाई ओरडली, "उजवीकडं बघ की रं, आंधळ्या!" आणि मी बघते तर बाई खाली मांडी घालून बसलेली. वीस मिनिटं एक डोळा माझ्या घड्याळावर, एक बॉलवर. मॅच बरोबरीत सुटली तशी तिनं सम्राटचं मनगट धरलं ते कोर्टातच सोडलं.

तो गुडघ्यापर्यंत चिखलात, हातमोज्यांसकट उभा राहिला. वकिलांनी हात जोडले.

"हा तुमचा नात्यानं कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोण न्हाय. गल्लीतला हाय."

साहेबांनी वॉरंट रद्द केलं, जप्तीही मागं घेतली. म्हणाले, "बाई, जामिनातून मोकळं व्हायचं असेल तर आत्ताच सांगा. दुसरा जामीन मिळेपर्यंत हा कळंब्याच्या जेलमध्ये राहील."

सम्राट खाली बघत होता. बाळाबाईनं पदर कमरेला खोचला.

"ऱ्हाते साहेब," ती म्हणाली. "पर फुडच्या वक्ताला ह्योच येईल. न्हाय आला तर कान धरून आणते."

"ठीक. पुढची तारीख सतरा."

सम्राटनं चुळबुळ करत बाळाबाईकडं बघितलं.

"साहेब," बाळाबाई म्हणाली, "सतराला सेमी हाय."

वकिलांनी डोळे मिटले. साहेबांनी पेन थांबवलं, सम्राटच्या हातमोज्यांकडं जरा वेळ बघितलं आणि अठरा लिहिली.