कोंडातले नऊशे खेकडे

रंगवलेला खेकडा परत मोजायचा नाही, हे मीच सांगितलं होतं.

काम साधं होतं. टोकावड्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात एक मोठा कोंड, म्हणजे डोह, आहे. त्यात खेकडे किती, ते सांगायचं. सगळे काही कुणाला मोजता येत नाहीत. म्हणून थोडे धरायचे, पाठीवर खूण करून सोडायचे आणि आठवड्याने पुन्हा धरायचे. दुसऱ्या खेपेला खुणेचेच जास्त सापडले, तर कोंडात खेकडे थोडे. खुणेचा क्वचितच सापडला, तर बक्कळ. एवढं कळायला मला सहा वर्षं शिकावं लागलं.

खुणेसाठी मुरबाडच्या बाजारातून लाल नेलपॉलिश घेतलं. "वहिनींना जरा फिका दाखवू का?" बांगडीवाल्या मावशींनी विचारलं. खेकड्यांना लावायचंय म्हटल्यावर त्यांनी बाटली हातात देऊन मला लगेच वाटेला लावलं.

मदतीला गावातले एक भाऊ होते, भातशेती करणारे. बिळात हात घालून खेकडा असा काढत, की खेकड्यालाही उशिरा कळावं. पण या मोजणीत खरा जीव अडकला होता तो त्यांच्या वहिनींचा. त्या स्वतः खेकडे धरून धसईच्या बाजारात विकतात. कोंडातले खेकडे आटत चाललेत, पोटाखाली पिल्लं असलेल्या माद्याही लोक उचलून नेतात, तेव्हा दिवाळीपर्यंत कोंड सगळ्यांना बंद करा, असं त्यांनी ग्रामसभेत मांडलं होतं. बाई कायतरीच बोलतात, असं म्हणून निर्णय माझ्या आकड्यावर सोडला गेला. शिकलेला माणूस कायतरीच बोलत नाही, असा गावाचा तेव्हा समज होता.

पहिल्या खेपेला आम्ही साठ खेकडे रंगवले. दुपारनंतर भाऊ रंगवलेलेच परत आणून देऊ लागले, तेव्हा मी रुबाबात म्हणालो, "लाल दिसला की सोडून द्या. एकदा मोजलेला परत मोजायचा नाही." त्या दिवसापुरतं ते बरोबर होतं. त्या दिवसापुरतं, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या खेपेला बादलीत तीस आले. त्यात लाल फक्त दोन, आणि ते दोन्ही माझेच. म्हणजे एकाला मी धरलं, दुसऱ्याने मला.

शहापूरच्या खोलीवर येऊन गणित केलं. उत्तर आलं नऊशे. आपलं गणित जमवलेल्या माहितीशी जुळतं का, हे तपासायची एक चाचणी असते. तीही लावली. चाचणी म्हणाली, दोष दिसत नाही. दोन खेकड्यांत तिला दोष दिसणार तरी कुठून? कोऱ्या उत्तरपत्रिकेत एकही चूक नाही म्हणून पैकीच्या पैकी मार्क द्यावेत, तसला तो निकाल. 'माहिती फारच थोडी आहे' अशी सूचनाही संगणकाच्या पडद्यावर आली होती. मधे मधे येते म्हणून मी ती बंद केली.

ग्रामसभेत उभा राहून मी खणखणीत आवाजात "नऊशे" म्हणालो. वहिनींचा चेहरा उतरला.

"झालं तर! धरा रे बिनधास्त," मागून कुणीतरी ओरडलं.

वहिनी दिराकडे वळल्या. "भावजी, तुमी संगं होतात ना? नऊशे दिसले का तुमाला?"

"नऊशे कुठले? हात घातला का लालच येत होता."

"मग ते लाल गेले कुठे?" मी विचारलं.

"सोडले ना. तुमीच बोललात, मोजलेला परत मोजायचा नाय."

"किती सोडले?"

"आता मोजू नका बोललात तर मोजनार कसं? चाळीस तरी आसतील."

खोट्या आकड्यावर कोंड उघडा राहणार होता, म्हणून सगळ्यांसमोरच खडू घेऊन, सोडलेले चाळीस लाल धरून, मी पुन्हा गणित मांडलं. नऊशेचे शंभरच्या आसपास झाले. आठशे खेकडे रस्सा न करताच एकट्याने फस्त करणारा मी तालुक्यातला पहिलाच. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसताच हात वर झाले. दिवाळीपर्यंत कोंड बंद.

सभा उठल्यावर मी वहिनींपाशी गेलो. म्हणालो, "चूक माझीच झाली. पुढच्या आठवड्यात कोंडात उतरून पुन्हा नीट मोजून देतो."

"कोंडात?" त्या म्हणाल्या. "बंद झालाय ना आता. आनि पयला तुमाला."